नॅससाठी दोन नव्हे, तीन डिस्क घ्या

घरी नॅस (घरातल्या सगळ्यांच्या फायली एकत्र ठेवणारा, नेटवर्कला जोडलेला डिस्कांचा डबा) घ्यायचा ठरला की हिशेब साधारण असा मांडला जातो: दोन कप्प्यांचा डबा, चार-चार टीबीच्या दोन डिस्क, मिरर (दोन्ही डिस्कवर तोच डेटा) लावला की झालं. एक डिस्क गेली तरी दुसरी आहेच. हिशेब चुकीचा नाही, पण अर्धा आहे. मिररमध्ये एका डिस्कवर जे घडतं ते त्याच क्षणी दुसरीवरही घडतं. कुणी 'गणपती २०१९' हा फोल्डर चुकून उडवला तर तो दोन्हीकडून उडतो. लॅपटॉपमध्ये रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) शिरलं तर शेअर केलेल्या फायली दोन्ही डिस्कवर सारख्याच कुलूपबंद होतात. म्हणून बजेट ताणायचं असेल तर महागड्या डब्यासाठी ताणू नका, तिसऱ्या डिस्कसाठी ताणा. ती यूएसबी केसमध्ये राहील, नॅसला जोडलेली नसेल, आणि शक्य तर दुसऱ्या घरी असेल.

डिस्क मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, पण पाकीट फोडायच्या आधी सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी भारतातली आहे का ते बघा. बाहेरून आलेला माल स्वस्त पडतो, पण बिघडला की इथे कुणी दाद देत नाही. जोडल्यावर स्मार्टची माहिती (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) उघडा. चालू राहिल्याचे तास दोन-तीनच्या वर दिसले तर डिस्क नवी नाही. (हा आकडा शून्यावर आणता येतो, त्यामुळे शून्य दिसलं म्हणजे खात्री झाली असंही नाही.) दुसरं, डेटा लिहायच्या दोन पद्धतींपैकी डिस्क सीएमआर हवी, एसएमआर नको. एसएमआरमध्ये डेटाचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात. एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात. एरवी ते जाणवत नाही. मिररमधली एक डिस्क बदलून नवी बसवली की मात्र तासन् तास सलग लिहावं लागतं, तिथे ती डिस्क रांगायला लागते, आणि कधी कधी नॅस तिला बाद समजून बाहेर काढतो. आणि चार टीबीची डिस्क ३.६३ टीबी दिसली म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराने मोजते, नॅस १०२४ ने.

जागेचा प्रश्न मुंबईत मोठा. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात नॅस दिसत नाही हे खरं, पण मे महिन्यात आत हवाच खेळत नाही आणि डिस्क पन्नास अंशांवर जातात. त्या ४५ च्या खाली राहाव्यात. पंख्यामागे वीतभर जागा मोकळी सोडा आणि कप्प्याचं दार काढून टाका. पोटमाळ्यावर ठेवू नका. शेवटच्या मजल्यावर तर स्लॅबखालची ती सगळ्यात तापलेली जागा. तळमजल्यावर राहत असाल तर जमिनीवरही नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, तेव्हा उंच फळीच बरी.

चालू डब्याला पावसाळ्यात स्वतःची ऊब असते, त्यामुळे त्यात दमट हवा फारशी ठरत नाही. जपायचं ते बंद पडून असलेल्या तिसऱ्या डिस्कला. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, दाण्यांचा रंग बदलला की पुड्या बदला.

नॅस राउटरला केबलनेच जोडा, वायफायने नाही. मोठी फाइल कॉपी करताना वेग सेकंदाला ११० एमबीच्या आसपास हवा. तो बरोब्बर ११ वर अडला असेल तर नॅसला दोष देऊ नका, केबल बघा. गिगाबिट वेगाला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, शंभर मेगाबिटला दोनच पुरतात. एक जोडी तुटली किंवा समुद्राकडच्या घरात पिनांवर गंज चढला की दोन्ही यंत्रं मुकाट्याने शंभरवर उतरतात. कुठेही एरर दिसत नाही, सगळं चालू असतं, फक्त दहापट हळू.

मुंबईत लाइट क्वचितच जाते, म्हणून यूपीएस टाळला जातो. पण १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्ख्या शहराची वीज गेली होती, आणि सोसायटीतल्या मीटर रूमचं काम तर केव्हाही निघतं. लिहिणं चालू असताना वीज गेली की मिररच्या दोन बाजू जुळत नाहीत आणि चार टीबी पुन्हा तपासायला सात-आठ तास जातात. ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. नॅस आणि राउटर मिळून तीस-पस्तीस वॉटच घेतात. घेताना मागची बाजू बघा. प्रिंटरला असतं तसं चौकोनी यूएसबी भोक हवं. ते नसेल तर वीज गेल्याचं नॅसला कळणारच नाही आणि बॅटरी संपली की तो धाडकन बंद पडेल. ते असेल तर पाच मिनिटं बॅटरीवर गेली की बंद हो, वीज आली की चालू हो, अशी सेटिंग करून टाका. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते. जुन्या इमारतीत तीन पिनांचं सॉकेट असूनही अर्थिंगची वायर जोडलेली नसते, ते इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. नाहीतर सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या अचानक उसळीपासून वाचवणारा) निम्मा शोभेलाच.

राउटरमध्ये नॅसचा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) पक्का करून ठेवा, नाहीतर राउटर रीस्टार्ट झाला की 'फोल्डर सापडत नाही' सुरू. घरातल्या प्रत्येकाला वेगळं खातं आणि पासवर्ड द्या. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून पासवर्डशिवायचा गेस्ट प्रवेश नाकारला जातो, त्यामुळे 'सगळ्यांना उघडं' ठेवलेला फोल्डर लॅपटॉप अपडेट झाल्यावर अचानक उघडेनासा होतो. एकाच विंडोजवरून एकाच नॅसला दोन खात्यांच्या नावांनी जोडू गेलात तरी एरर येते. आधीचं कनेक्शन तोडा, मग दुसरं नाव टाका. स्नॅपशॉट (फायलींची त्या क्षणीची स्थिती जपणारी नोंद) पहिल्याच दिवशी चालू करा: दिवसाला एक, महिनाभर ठेवायचे. उडवलेला फोल्डर पाच मिनिटांत परत येतो तो यातूनच.

आता आपल्यालाच नडणारी गोष्ट. नॅस बहुधा लिनक्सवर चालतो, आणि लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइट मिळतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलंत सगळी वेगळी मोजली जातात. 'पंचाहत्तरी' डोळ्यांना पाच अक्षरं, नॅसला दहा चिन्हं, म्हणजे तीस बाइट. एकूण ८५ चिन्हांत नाव बसवायचं. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवर एन्क्रिप्ट केलेल्या (पासवर्डने कुलूपबंद) शेअर फोल्डरमध्ये मर्यादा आणखी खाली, १४३ बाइटवर येते, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हं. 'आजीच्या पंचाहत्तरीचा कार्यक्रम दादरच्या मोठ्या हॉलमध्ये' अशा नावाची फाइल तिथे कॉपीच होत नाही, आणि हजारो फायलींच्या कॉपीत अशा वीस राहून गेल्या तर लक्षातही येत नाही. नावं आखूड ठेवा, तारीख आकड्यांत आधी लिहा, आणि कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फायलींची संख्या ताडून बघा.

फोनचे फोटो नॅसच्या ॲपने आपोआप चढतात. अँड्रॉइडवर त्या ॲपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, नाहीतर दोन दिवसांनी ते झोपी जातं. आयफोनवर अधूनमधून ॲप उघडावंच लागतं.

बाहेरून नॅस उघडता यावा म्हणून राउटरचे पोर्ट (इंटरनेटवरून आत यायची दारं) उघडू नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे हजारो नॅस कुलूपबंद केले, ते अशाच उघड्या दारांतून. तसंही कित्येक फायबर कनेक्शन सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांत एकच इंटरनेट पत्ता) असल्यामुळे पोर्ट उघडून काही होत नाही. टेलस्केल (आपल्याच यंत्रांना खाजगी वाटेने जोडणारं ॲप) नॅसवर आणि फोनवर टाका, काम भागतं.

राहिली तिसरी डिस्क. महिन्यातून एकदा आणायची, जोडायची, बॅकअप पुरा झाला की 'इजेक्ट' करून काढायची. पुणे-नाशिकला कुणी घरचं असेल तर दोन डिस्क आलटून पालटून फिरवता येतात. बॅकअपच्या ॲपमध्ये साध्या फायलींची प्रत निवडा, ॲपच्या स्वतःच्या साच्यातली नको, कारण नॅसच गेला तर तो साचा उघडायला तेच सॉफ्टवेअर शोधत बसावं लागतं. डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीत फॉरमॅट केली असेल तर विंडोज लॅपटॉप ती वाचणार नाही, ते आत्ताच माहीत असू द्या. वर्षातून दोनदा ती नॅसशिवाय, नुसत्या लॅपटॉपला लावून चार फोटो आणि एखादा व्हिडिओ उघडून बघा. डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर तिचा पासवर्ड नॅसवरच्या फाइलमध्ये लिहून ठेवू नका. कागदावर लिहा, आणि तो कागद घराच्या अ‍ॅग्रीमेंटच्या फायलीत लावा.