ओसाकातली मांजरं

आज ओसाकातल्या एका कॅट कॅफेत जाऊन आले. बूट काढायचे, हात धुवायचे, वेळेच्या हिशेबाने पैसे भरायचे आणि मांजरांजवळ बसायचं. निजलेल्या मांजराला उठवायचं नाही, बळेच उचलायचं नाही. हे नियम मला फार आवडले. असा पहिला कॅफे १९९८ मध्ये तैवानच्या तैपेईत निघाला, आणि जपानमधला पहिला २००४ साली याच ओसाकात. इथल्या भाड्याच्या बऱ्याच घरांत जनावर पाळू देत नाहीत, माझ्याही नाही. म्हणून ऑफिस सुटलं की एकटी माणसं इथे येऊन बसतात.

एक म्हातारी तिरंगी मांजर आपणहून मांडीवर आली. कॅफेतून बाहेर पडल्यावर तिचा फोटो व्हिडिओ कॉलवर आजीला दाखवला. आजी विदर्भात, दारव्ह्याकडच्या आमच्या घरी ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होती.

"त्याइले राती बाहीर सोडतेत का वं? अन् पिल्लं झाली तं कुठी ठेवतेत?"

नसबंदी केलेली असते, म्हटलं. आजी गप्पच झाली.

आमच्याकडे भाव वाढेस्तोवर कापूस खोलीत भरलेला असतो आणि मांजर त्यातच विते. आजोबा असताना पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत तो कोपरा कोणाला उपसू द्यायचे नाहीत. व्यापाऱ्याची गाडी दारात उभी असली तरी. पैशाची निकड असायची, हे मला आता कळतं. किती मोठं मन होतं त्यांचं!

दादाला सांगितलंय, यंदाही कापसाच्या खोलीची खिडकी उघडी ठेव.