डाडिडा डिडाडाडिट डिडिडिडिट : मोर्स शिकून केपीएच ऐकलं त्याचा माझा अनुभव

माझे बाबा मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर होते, १९७६ ते १९९८. जहाजावर त्यांना सगळे मार्कोनी साब म्हणायचे, नावाने हाक कोणी मारायचंच नाही. सुट्टीवर घरी आले की जेवताना डाव्या हाताची बोटं टेबलावर चालूच, आई म्हणायची अहो आधी जेवून घ्या. १ फेब्रुवारी १९९९ पासून सगळीकडे जीएमडीएसएस लागू झालं, म्हणजे सॅटेलाइट आणि डिजिटल, आणि रेडिओ ऑफिसर ही पोस्टच गेली. बाबा त्याच्या आधीच उतरले होते. त्यांची पितळेची मोर्स की, म्हणजे मोर्सच्या टिंब-रेघा हाताने दाबून पाठवायचं यंत्र, तेव्हापासून डोंबिवलीच्या घरात कपाटात, आईच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली.

मी इकडे कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला राहते. इतकी वर्षं राहून मला माहीतच नव्हतं की आमच्यापासून गाडीने दोनेक तासांवर पॉइंट रेयेसला केपीएच नावाचं जुनं कोस्ट स्टेशन, म्हणजे किनाऱ्यावरून जहाजांशी बोलणारं रेडिओ स्टेशन, अजून मोर्स पाठवतं. एकदा फोनवर सहज बोलता बोलता बाबाच म्हणाले, "अगं केपीएच तुमच्या तिकडेच ना कुठेतरी? पॅसिफिकमध्ये असलो की रात्री काय खणखणीत यायचं." म्हटलं जाऊन बघूया.

शनिवारी स्वयंसेवक असतात तिथे, लोकांना आत जाऊ देतात. रस्त्यापासून बिल्डिंगपर्यंत दोन्ही बाजूंनी सायप्रसची झाडं, वर फांद्या एकमेकांत गेलेल्या, अगदी बोगद्यातून चालल्यासारखं वाटतं आणि त्या दिवशी धुकंही होतं. आत रिसीव्हरांच्या रांगा, हेडफोन, फक्त कॅपिटल अक्षरं उमटवणारे टाइपरायटर ज्याला ते लोक मिल म्हणतात, आणि भिंतीवर ते घड्याळ. बाबांच्या तोंडून हजारदा ऐकलेलं. दर तासाला १५ ते १८ आणि ४५ ते ४८ मिनिटांवर लाल पट्टे, त्या तीन मिनिटांत ५०० किलोहर्ट्झवर सगळ्यांनी गप्प बसायचं, कोणी बुडत असेल तर त्याचा बारीक आवाज ऐकू यावा म्हणून. मी घड्याळाचा फोटो बाबांना पाठवला, डोंबिवलीत मध्यरात्र उलटून गेली होती तरी लगेच फोन आला.

तिथल्या एका आजोबांनी छान समजावून सांगितलं. केपीएचमधलं पीएच म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचं पॅलेस हॉटेल, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्टेशन त्या हॉटेलात होतं. ऐकण्याचं काम पॉइंट रेयेसला आणि ट्रान्समीटर दूर दक्षिणेला बोलिनासला, कारण दोन्ही एकत्र ठेवले तर आपल्याच आवाजात दूरच्या जहाजाचा आवाज बुडून जातो. १९९७ मध्ये स्टेशन बंद झालं. १२ जुलै १९९९ ला अमेरिकेतला शेवटचा कमर्शियल मोर्स मेसेज गेला, तो हाफ मून बेजवळच्या केएफएस या दुसऱ्या कोस्ट स्टेशनवरून, आणि त्याचा शेवट मोर्सने १८४४ साली पाठवलेल्या पहिल्या मेसेजच्याच शब्दांनी केला. मग काही जणांनी मिळून मॅरिटाइम रेडिओ हिस्टॉरिकल सोसायटी काढली, केपीएचची जुनी मशिनं एकेक करून चालू केली, आणि दरवर्षी १२ जुलैला संध्याकाळी ५ वाजून १ मिनिटाने पुन्हा एअरवर येतात. त्याला ते नाइट ऑफ नाइट्स म्हणतात.

मी गाडीत येऊन बसले आणि तिथेच ठरवलं की यंदा १२ जुलैला आपण हे घरून रेडिओवर ऐकायचं आणि स्वतःच्या कानाने कॉपी करायचं म्हणजे ऐकत ऐकत लिहून घ्यायचं, कॉम्प्युटरकडून डीकोड करून नाही. नुसत्या ऐकण्याला लायसन्स लागत नाही. हातात सहा महिने होते.

सुरुवात चुकलीच माझी. ए म्हणजे टिंब रेघ, बी म्हणजे रेघ तीन टिंबं असा तक्ता फ्रिजवर लावून पाठ केला, तीन आठवडे त्यात गेले. बाबांना अभिमानाने सांगितलं तर म्हणाले, "तो तक्ता फाडून टाक आधी. टिंबं मोजत बसलीस तर जन्मात येणार नाही." त्यांचं बरोबर होतं, मिनिटाला २० शब्दांचा स्पीड असेल तर एक डिट (टिंबाचा आवाज, रेघेचा तो डा) ६० मिलिसेकंदाचा असतो, त्यात मोजणार कधी आणि अक्षर आठवणार कधी? तबल्याचे बोल कसे, धा म्हटलं की धा, कोणतं बोट कुठे पडलं ते ऐकणारा मोजत बसत नाही, तसंच हे, डाडिडा म्हणजे के, बस. मग कॉख पद्धतीने पुन्हा पहिल्यापासून, पहिल्या दिवसापासून फुल स्पीड पण फक्त दोन अक्षरं के आणि एम, दहातली नऊ बरोबर यायला लागली की तिसरं. रोज वीस मिनिटं, पोरांना शाळेत सोडून आल्यावर गाडीतच बसून.

मार्चमध्ये चौदा अक्षरांवर अडकले ते पाच आठवडे तिथेच. एस, एच आणि ५ कानाला एकसारखेच वाटायचे. त्यात एक अक्षर सुटलं की मी त्याचा विचार करत बसायचे आणि पुढची चार जायची. बाबा म्हणाले, "सुटलं ते सुटलं, रेघ मार आणि पुढे हो. आणि लिहिताना थोडं मागे राहा." मागे राहा म्हणजे कान पुढचं अक्षर ऐकतोय आणि हात आधीचं लिहितोय. हे ऐकायला सोपं वाटतं, मला जमायला जून उजाडला, पण ज्या दिवशी पहिल्यांदा जमलं ना, THE असा अख्खा शब्द एकदम ऐकू आला, तीन अक्षरं नाही, शब्द! गाडीत एकटीच जोरात ओरडले.

रेडिओचा पण धडा होता. साध्या शॉर्टवेव्ह रेडिओवर मोर्सचा टोन येतच नाही, एसएसबी म्हणजे सिंगल साइडबँडची सोय असलेला लागतो, आणि ६४७७.५ किलोहर्ट्झ ऐकायचं तर अप्पर साइडबँडला थोडं खाली, ६४७६.८ ला लावायचं म्हणजे ७०० हर्ट्झची शिट्टी मिळते. मला वाटलेलं आपण इतक्या जवळ आहोत तर काय, कुठलीही फ्रिक्वेन्सी येईल. तसं नसतं, वरच्या फ्रिक्वेन्सी आकाशात जाऊन दूर पॅसिफिकमध्ये उतरतात, आपल्या डोक्यावरून जातात, जवळच्याला खालच्याच बऱ्या. मागच्या अंगणातल्या लिंबाच्या झाडावर आठ मीटर वायर टाकली. त्या दिवशी राउटर, चार्जर, एलईडी दिवे सगळं बंद केलं तेव्हा कुठे ती घरघर कमी झाली.

बाबांना फोनवरून ऐकवायचा प्लॅन होता पण आदल्या दिवशी ट्राय केलं तर व्हॉट्सअॅप ती शिट्टी म्हणजे नॉइज समजून गिळूनच टाकत होतं. मग माझ्या भाच्याने डोंबिवलीत लॅपटॉपवर पॉइंट रेयेसचाच ऑनलाइन रिसीव्हर लावून दिला. आमच्या संध्याकाळचे ५:०१ म्हणजे त्यांच्या १३ तारखेच्या पहाटेचे ५:३१. मी मोबाइल डेटावर व्हिडिओ कॉल चालू ठेवला, आवाज बंद करून. बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, समोर वही आणि शाईचं पेन.

आणि आलं! CQ CQ CQ DE KPH, म्हणजे सगळ्यांना हाक, केपीएचकडून. माझा हात इतका थरथरत होता की पहिली ओळ मलाच वाचता येत नाहीये आज. त्यानंतर बंद पडलेल्या स्टेशनांची आणि गेलेल्या ऑपरेटरांची आठवण काढणारा मेसेज सुरू झाला. मी लिहीत होते, रेघा मारत होते, मधेच स्क्रीनकडे नजर गेली तर बाबांचे डोळे मिटलेले आणि पेन सावकाश चाललेलं, एकसारख्या कॅपिटल अक्षरांत, कुठे घाई नाही. इंटरनेटमुळे ते माझ्या काही सेकंद मागे होते.

संपल्यावर दोघांनी कागदाचे फोटो पाठवले. माझ्या कागदावर एकतीस रेघा, त्यांच्या कागदावर एकही नाही. मी काही म्हणायच्या आत तेच म्हणाले, "मधे माणूस बदलला, कळलं का तुला? पहिल्याचा हात जुना होता, दुसरा डा जरा लांबवतो." मला अजिबात कळलं नव्हतं. पंचवीस वर्षांनी पुन्हा कान लावला आणि या माणसाला दोन अनोळखी हातांमधला फरक कळला. आईने मागून चहा आणून ठेवला होता, तो तसाच गार झालेला दिसत होता.

नंतर रिसेप्शन रिपोर्ट लिहून पोस्टाने पाठवला, तारीख, यूटीसी वेळ, फ्रिक्वेन्सी, काय ऐकलं, कुठला रेडिओ, कसली वायर. काही आठवड्यांनी तुम्ही आम्हाला ऐकलंत याची पोच म्हणून स्टेशनचं कार्ड आलं, ते मी बाबांना पाठवून दिलं, त्यांनी देवघराच्या शेजारी लावलंय.

दिवाळीला गेले तेव्हा त्यांनी ती पितळेची मोर्स की माझ्या बॅगेत घातली. नॉबची काळी कड अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झालीय, माझा अंगठा तिथे नीट बसत नाही, थोडा खाली येतो. दर रविवारी सकाळी फोनवर प्रॅक्टिस असते, त्यासाठी आता असं अॅप शोधलंय जे शिट्टी गिळत नाही. परवा अर्धा तास फक्त सी पाठवून घेतला माझ्याकडून, डाडिडाडिट, डाडिडाडिट, आणि शेवटी म्हणाले, "मधे थांबतेस तू अजून. मला सी नाही येत आहे, दोन एन येताहेत. पुन्हा पाठव."