दक्षिणेचे पहिले अल्बम, नोंद चौथी: बिग क्रिटचा सब आणि समोरचा आवाज

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या रॅपचे पहिले अल्बम ऐकायच्या या मालिकेत यूजीके, एटबॉल अँड एमजेजी आणि आउटकास्ट आता हातावेगळे झाले. तिन्ही जोड्या होत्या. या खेपेला पहिल्यांदाच एकटा माणूस घेतलाय: मिसिसिपी राज्यातल्या मेरिडियन गावचा रॅपर बिग क्रिट. अल्बम 'लाइव्ह फ्रॉम दि अंडरग्राउंड', जून २०१२, लेबल (रेकॉर्ड कंपनी) डेफ जॅम. गाणी सोळा आणि जवळपास सगळ्या बीट (रॅपखालचं संगीत) त्याच्या स्वतःच्या.

नवीन आलेल्यांसाठी पद्धत थोडक्यात सांगतो. आधी अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधलं काहीही न उडवता ऐकायचा. फोनच्या स्पीकरवर नाही. मग आवडलेल्या आणि न आवडलेल्या गाण्यांचा फक्त ड्रम आणि बेस लॅपटॉपवर नव्याने उभा करायचा. चाल उचलायची नाही, सांगाडा समजून घ्यायचा. बीट बनवायला शिकणाऱ्याला एवढा गृहपाठ पुष्कळ होतो.

यावर पहिला आक्षेप येणार तो मला माहीत आहे: क्रिट ऐकायचा तर मिक्सटेप ऐक, हा अल्बम कशाला? आक्षेप खोटा नाही. 'क्रिट वॉज हिअर' (२०१०) आणि 'रिटर्न ऑफ फोरएव्हर' (२०११) फुकट वाटलेल्या मिक्सटेप होत्या आणि त्यांच्यावरच त्याचं नाव झालं. एक्सएक्सएल या हिपहॉप मासिकाच्या २०११च्या नवोदितांच्या यादीत तो आला तो त्यातल्या पहिलीच्या जोरावर. अल्बमच्या तीनच महिने आधी, मार्च २०१२ मध्ये, त्याने 'फोरएव्हर अँड अ डे' हीसुद्धा फुकटच सोडली. म्हणजे विकायचा माल दुकानात येण्याआधी त्याच तोलाचं जेवण त्याने पंगतीला वाढून टाकलं होतं. तरी पहिल्या आठवड्यात ४१ हजारांच्या आसपास प्रती गेल्या आणि बिलबोर्डच्या यादीत पाचवा क्रमांक मिळाला. त्या मानाने कौतुक मात्र बेताचंच झालं.

कारण म्हणून नेहमी दोन गोष्टी पुढे केल्या जातात, सॅम्पल (जुन्या गाण्यातून कापून घेतलेला तुकडा) आणि लेबल. सॅम्पलचं खरं आहे. फुकटच्या मिक्सटेपमध्ये कुणाच्याही गाण्याचा तुकडा कापून लूप केला, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवला, तरी सहसा कुणी अडवायला येत नाही. 'होमटाऊन हीरो'मध्ये चक्क अ‍ॅडेलचा आवाज आहे. तेच विकायचं म्हटलं की दोन परवानग्या लागतात, एक रेकॉर्डिंगच्या मालकाची आणि दुसरी गाणं रचणाऱ्याची. दोघांपैकी एकाने मान हलवली नाही की गाणं कपाटात. त्यामुळे या अल्बममध्ये वाजवून घेतलेला भाग जास्त आहे. ऑर्गन, गिटार, बेस सगळं स्वच्छ आणि चकचकीत. मिक्सटेपच्या लूपमध्ये जुन्या तबकडीची जी खरखर होती, दोन ठोक्यांमधल्या जागेत जो धुरळा भरलेला असायचा, तो इथे नाही. मी 'कूल टू बी सदर्न'चा सांगाडा उभा करून पाहिला तेव्हा हे लगेच हाताला लागलं. ड्रम तेच, चालही तशीच रेंगाळणारी, पण मागे काहीतरी रिकामं वाटतं. मग जुन्या तबकडीचा नुसता खरखराट कमी आवाजात खाली पसरला आणि बीट एकदम त्याची वाटायला लागली.

पण एवढ्यावर अल्बम निकालात काढायला मी तयार नाही. आधी बेसबद्दल बोलू, कारण या नोंदीतलं खरं काम तिथेच झालं.

'माय सब (पार्ट टू: द जॅकिन)'. पहिला भाग 'रिटर्न ऑफ फोरएव्हर'वर होता. गाडीच्या डिकीतल्या सबवूफरवर अख्खं गाणं लिहिणारा माणूस बेस कसा लावतो, हे शिकण्यासारखं आहे. दक्षिणेचं हे संगीत गाडीत ऐकायला बनलेलं आहे. बंद काचांची छोटी जागा खालच्या सुरांना आपोआप फुगवते, नंबर प्लेट थरथरते, आरसा हलतो आणि तो खडखडाटही गाण्याचाच भाग धरला जातो. आपल्याकडे डिकीत सब बसवून सिग्नलला थांबलेली गाडी ज्यांनी पाहिली असेल त्यांना वेगळं सांगायला नको. बाहेरून फक्त खडखड ऐकू येते. गाणं आत बसलेल्यालाच कळतं.

माझी जुळणी अशी. वेग मिनिटाला ७० ठोक्यांच्या आसपास. ८०८ या जुन्या ड्रम मशीनचा लांब बेस पांढरी चारच्या सुराला लावला. सर्वांत खालच्या उपयोगी सप्तकात तो सूर साधारण ४४ हर्ट्झवर येतो. (मूळ टीआर-८०८ रोलँडने १९८० ते १९८३ एवढीच वर्षं बनवलं. आज आपण सगळे त्याच्या नमुन्यांवर जगतोय.) बेस सुराला लावणं ही पहिली पायरी. बरेच जण ८०८ला नुसता ड्रम समजतात आणि वरचा ऑर्गन एका सुरात, खालचा बेस दुसऱ्याच सुरात राहतो. हेडफोनवर ते चालून जातं, पण गाडीत घशाशी येतं. दुसरी पायरी म्हणजे किक (ड्रमचा जाड ठोका) आणि बेस यांचं भांडण सोडवणं. किकचा ६० हर्ट्झखालचा भाग कापला आणि किक पडते त्या क्षणी बेस किंचित खाली दबेल असं लावलं. तिसरी पायरी सॅच्युरेशनची, म्हणजे आवाज किंचित फाडून वरचे सूर वाढवायची. ४४ हर्ट्झ फोनच्या स्पीकरला झेपत नाही, पण त्याच्या दुपटी-तिपटी-चौपटीचे, म्हणजे ८८, १३२, १७६ हर्ट्झचे सूर थोडे वर आणले की कान खालचा मूळ सूर स्वतःच भरून घेतो. क्रिटच्या बेसमध्ये हे वरचे सूर भरपूर आहेत. म्हणून तो बेस साध्या इअरफोनवरही अंगावर येतो.

एका मित्राच्या गाडीत हे वाजवून पाहिलं. त्याची प्रतिक्रिया: "गाणं कुठेय?" अजून हाय-हॅट (झांजेचे बारीक ठोके) भरायचे आहेत, त्यामुळे त्याला माफ.

आता अल्बमचा सुरुवातीचा भाग. 'आय गॉट धिस', 'मनी ऑन द फ्लोर', 'व्हॉट यू मीन' ही तीन गाणी ओळीने येतात आणि तिथेच अल्बमचा वेग असूनही जीव कमी होतो. तिन्हींची बनावट पक्की आहे. 'मनी ऑन द फ्लोर'वर एटबॉल अँड एमजेजी आहेत, मेम्फिसचे ज्येष्ठ, ज्यांच्या ओळींवर क्रिटची पिढी वाढली. सोबत टू चेन्झ. २०१२ साली टू चेन्झ नसलेलं गाणं शोधावं लागायचं. त्याचा स्वतःचा पहिला सोलो अल्बमही त्याच ऑगस्टमध्ये आला. 'व्हॉट यू मीन'वर लुडाक्रिस. कागदावर मेजवानी. पण माझी एक साधी कसोटी आहे: गाण्यातून क्रिटला काढून दुसऱ्या कुणाला उभं केलं तर गाणं अडतं का? ही तिन्ही अडत नाहीत. नोटा उधळण्याचं गाणं त्या वर्षी दहा जण करत होते आणि त्यातले निदान पाच जण ते जास्त मजेत करत होते. क्रिट गर्दीतला माणूस नाही. तो ओसरीवर बसून बोलणारा आहे. त्याला क्लबमध्ये उभं केलं की तो आवाज चढवतो, हुक (मुखडा) लांबवतो आणि तेच तेच म्हणत राहतो.

हुकांची तक्रार एकूणच आहे. 'याह दॅट्स मी' आणि 'पुल अप' दोन्हींत मुखडा इतक्या वेळा येतो की कडव्यांना श्वास घ्यायला जागा उरत नाही. स्वतःच लिहिणारा, स्वतःच गाणारा, स्वतःच बीट करणारा असला की "बस झालं आता" म्हणायला खोलीत कुणी नसतं.

या मालिकेतल्या आधीच्या तीन अल्बमांशी ताडून पाहिलं तेव्हा मला मुख्य धागा सापडला तो इथेच. क्रिटचा सगळ्यात मोठा आदर्श यूजीके. त्यात पिम्प सी बीटही करायचा आणि रॅपही, पण समोर बन बी असायचा. एकाचा आवाज पातळ, खोडकर, नाकातला. दुसऱ्याचा जाड आणि शिस्तीचा. आउटकास्टमध्येही तसंच. क्रिटला एकट्यालाच पिम्प सी आणि बन बी दोघंही व्हायचं आहे. हा अल्बम जिथे उभा राहतो तिथे प्रत्येक वेळी त्याच्या समोर कुणीतरी असतं. पाहुणा म्हणून नव्हे, बोलायला.

'पोर्चलाइट' घ्या. अँथनी हॅमिल्टनचा तो चर्चमध्ये मुरलेला, किंचित खरबरीत गळा. क्रिट घराबाहेर भटकणाऱ्याची बाजू मांडतो आणि हॅमिल्टनच्या सुरात दाराबाहेरचा दिवा जळत राहतो. 'हायड्रोप्लेनिंग'मध्ये ह्यूस्टनचा डेव्हिन द ड्यूड येतो आणि काहीही जोर न लावता गाणं स्वतःच्या संथ गतीला आणतो. क्रिटही त्याच्या नादाने सैल होतो आणि त्याची त्या अल्बममधली सगळ्यात सहज लय तिथे ऐकू येते. 'इफ आय फॉल'वर मेलनी फियोना. ते गाणं मला थोडं गुळगुळीत वाटतं, पण तिथेही दोन आवाजांचं एकमेकांशी काही नातं आहे.

'रिच डॅड पूअर डॅड'वर पाहुणा नाही. तरी ते माझ्या यादीत फार वर आहे, कारण समोर बाप आहे. बापाचा उपदेश, बापाचा हिशेब, पैशाबद्दलचं त्याचं म्हणणं, आणि मुलगा ते स्वतःच्या तोंडून पुन्हा सांगतोय. एकट्याच्या गाण्यातही दुसरा माणूस आणता येतो, हे त्याला येतं. मग ते त्या तीन गाण्यांत का केलं नाही, हाच माझा राग.

'पुल अप'वर खुद्द बन बी आहे, म्हणजे माझ्या सिद्धांताला ते गाणं सरळ छेद देतं. असू दे. बन बी तिथे आशीर्वाद द्यायला आलाय, वाद घालायला नाही.

आणि 'प्रेइंग मॅन'. बी. बी. किंग! डेफ जॅमच्या रॅप अल्बमवर, ८०व्या वर्षापलीकडचे, तेही मिसिसिपीचेच, इटा बीनाजवळ जन्मलेले. क्रिटची कडवी गुलामगिरीच्या काळात छळल्या गेलेल्या माणसांच्या तोंडची आहेत. त्याने इथे आवाज चढवलेला नाही, मुखडा लांबवलेला नाही, सबचा रुबाब तर नाहीच. मी सांगाडा उभा करायला घेतला आणि ड्रमच्या पट्ट्या एकेक करून बंद करत गेलो. जितकं काढलं तितकं मूळ गाण्याच्या जवळ आलो. मधल्या जागांत किंग यांची गिटार बोलते. ओळ संपते, तार उत्तर देते, पुढची ओळ त्या उत्तरावरून सुरू होते. फडावरच्या सवाल-जवाबात समोरचा शाहीर डफावर थाप मारून वळतो ना, तसं. शिकणाऱ्याला यातून एक पक्की गोष्ट मिळते: वाद्याला कडव्याच्या आत नव्हे, कडव्याच्या शेवटी जागा द्या. माझ्या नेहमीच्या टेम्प्लेटमध्ये आता प्रत्येक चौथ्या ओळीनंतर अर्धा बार (दोन ठोके) मुद्दाम मोकळा ठेवलाय.

उच्चारांबद्दलही एक गोष्ट. 'कूल टू बी सदर्न'मध्ये बोलणं, गाड्या, कपडे, सगळ्यांचा अभिमान आहे, आणि त्यामागे मोठा राग आहे. १९९५च्या सोर्स अवॉर्ड्स या हिपहॉप पुरस्कार सोहळ्यात न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी आउटकास्टची हुर्यो उडवली आणि त्यांच्यातल्या आंद्रे थ्री थाउजंडने दक्षिणेलाही काही सांगायचं आहे असं तिथेच सुनावलं. त्यातही अटलांटा, ह्यूस्टन, मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स यांना आपापलं नाव होतं. मिसिसिपीला क्रिटआधी मुख्यतः रॅपर डेव्हिड बॅनर. वऱ्हाडीत किंवा अहिराणीत रॅप करणाऱ्या आपल्या पोरांनी हे गाणं जरूर ऐकावं. मात्र एक उणीवही ऐकावी. अभिमानाची घोषणा गाण्यात फार वेळ चालत नाही. क्रिट मेरिडियनचा आहे हे 'पोर्चलाइट'मधून जास्त कळतं, 'कूल टू बी सदर्न'मधून कमी.

पुढे काय झालं तेही पाहून घेतलं. २०१४चा 'कॅडिलॅक्टिका' त्याने बाहेरचे निर्माते जास्त घेऊन केला. २०१६ मध्ये डेफ जॅम सुटलं. २०१७ मध्ये स्वतःच्या बळावर दुहेरी अल्बम काढला, 'फोरएव्हर इज अ माइटी लाँग टाइम': पहिली तबकडी बिग क्रिटची, दुसरी जस्टिन स्कॉटची, म्हणजे त्याच्याच खऱ्या नावाची. समोर माणूस हवा होता तर त्याने स्वतःचेच दोन केले! त्याच्या सगळ्या कामात मला तो अल्बम सगळ्यात पूर्ण वाटतो, पण तो पहिला नसल्याने या मालिकेत बसत नाही.

माझ्या बाजूची सद्यस्थिती: 'माय सब'चा बेस आणि किक पूर्ण, हॅट बाकी. 'प्रेइंग मॅन'चा सांगाडा पूर्ण, आणि तिथे भरायला फार काही नाहीच. 'मनी ऑन द फ्लोर' अर्ध्यावर सोडलं. त्यातला स्नेअर मात्र वेगळा काढून ठेवलाय, चांगला आहे. 'हायड्रोप्लेनिंग'वर अजून हात घातलेला नाही, कारण त्यातली ती मागे ओढणारी लय लॅपटॉपच्या ग्रिडवर (ठोक्यांच्या ठरलेल्या चौकटींवर) बसत नाही आणि ठोके हातानेच वाजवावे लागणार. बोटांनी ठोके वाजवायचं पॅड कुणाकडे पडून असेल तर कळवा.

पुढची नोंद मिसिसिपीतच: डेव्हिड बॅनरचा मोठ्या लेबलवरचा पहिला अल्बम, २००३चा 'मिसिसिपी: द अल्बम'. 'कॅडिलॅक ऑन ट्वेंटी-टूज'ची गिटार आधीच कानात घोळतेय, त्यामुळे सुरुवात तिथूनच करीन आणि अल्बमचा क्रम या वेळी मोडीन.