ताटातूट-वही: एक फर्मा गहाळ

मंडळी, ताटातूट-वहीत पहिल्यांदाच रकाना कोरा राहिला आणि त्या आनंदात मी दोन दिवस तरंगत होते. तिसऱ्या दिवशी कळलं की पुस्तकातला अख्खा फर्माच, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा गठ्ठाच, गायब आहे.

वहीचं प्रकरण तुम्हाला माहीत आहेच. प्रेमकादंबरीतल्या दोघांचं एकदा तरी फाटतं, ते किती टक्क्यांवर, एवढंच मी टिपते. आधीच्या अकरा पुस्तकांत नऊ वेळा उत्तर ७२ ते ७९च्या मधलं. कारणंही तीच ती. अर्धवट ऐकलेला फोन, भलत्याच्या हाती पडलेली चिठ्ठी, नाहीतर "तुझ्या भल्यासाठीच दूर जातोय" म्हणणारा बाप्या. एका वाक्यात मिटणारी गोष्ट पन्नास पानं ताणायची, मग विमानतळावर पळापळ. तीन पुस्तकं मी तिथेच डीएनएफ केली, म्हणजे अर्धवट सोडली, आणि तुमची बोलणी खाल्ली.

तर हे बारावं. मडगावच्या एका दुकानातून घेतलेलं. शत्रू ते प्रियकर, बेटावरची खानावळ, मुखपृष्ठावर नेहमीची फुलं. फोंडा-पणजी बसमध्ये वाचत होते. बाहेर धो धो पाऊस, खिडकीची काच अडकलेली, पुस्तक ओढणीखाली. पानाच्या शेवटी दोघं स्वयंपाकघरात बटाटे सोलतायत आणि तो काहीतरी बोलायला तोंड उघडतो. समोरच्या पानावर गेले तर तो तिच्या दारात भिजून उभा, तिची छत्री हातात, तीही मिटलेलीच. ती म्हणते, "आत ये, चहा टाकते." बस्स. काय झालं, कोण चुकलं, अवाक्षर नाही. मी लेखिकेला मनातल्या मनात दंडवत घातला. म्हटलं, मधलं भांडण आमचं आम्ही लावून घ्यायचं, सगळं त्या न उघडलेल्या छत्रीत आलंय, काय ही हिंमत! जुनं गोवं येईपर्यंत तेच पान धरून बसले होते.

घरी टक्के काढायला घेतले तर २५६ नंतर थेट २७३. एकूण पानं ३५२. सोळा पानांचा एक फर्मा बांधणीत सुटलेला आणि तो नेमका ७३ ते ७७ टक्क्यांचा! दुकानदार भला माणूस, लगेच म्हणाला, "बाय, बदलून देतो." मी नको म्हटलं. त्याने माझ्याकडे जे पाहिलं ते सांगण्यासारखं नाही.

डिचोलीच्या आपल्या मैत्रिणीकडे तेच पुस्तक आहे. तिने सोळाच्या सोळा पानांचे फोटो धाडले. दोन रात्री मी ते उघडलेच नाहीत. उघडले तेव्हा काय निघावं? फोन. दाराआडून ऐकलेला अर्धा फोन! पलीकडे त्याची बहीण होती. आणि छत्री ती रागाने टाकून गेली होती, एवढंच. माझी सगळी काव्यदृष्टी पाण्यात.

पण एक गोष्ट लख्ख झाली. इतके महिने मी भलतंच मोजत होते. टक्के कितीही असोत, ती पानं काढली तर कादंबरीचं काही बिघडतं का, हे बघायला हवं होतं. इथे बिघडलं नाही, उलट बरं झालं. लगेच घरातलं 'प्राइड अँड प्रेज्युडिस' काढलं. १८१३ची कादंबरी, ६१ प्रकरणं. धाकटी बहीण लिडिया पळाल्याची बातमी नायिका एलिझाबेथला ४६व्या प्रकरणात कळते, म्हणजे प्रकरणांच्या हिशेबाने ७५ टक्के. वहीत चपखल! पण तिथे गैरसमजाला जागाच नाही. नायक डार्सी नेमका तेव्हाच येऊन ठेपतो आणि ती रडत रडत त्याला सगळं सांगून टाकते. सांगूनही तुटतं, कारण घराची अब्रू गेली, आता हा कशाला वळून बघतोय, असं तिला वाटतं. हे प्रकरण उपटा, पुढची पंधरा कोसळतील.

तेव्हा वहीत नवा रकाना, फर्मा-कसोटी. टक्क्यांचा रकाना बंदच करणार होते, पण अकरा पुस्तकांची मेहनत आहे. राहू दे कोपऱ्यात.

किशोर कादंबऱ्यांपाशी मात्र कसोटी अडते. भाची बारावीला आहे. ती म्हणते, "मावशी, सोळाव्या वर्षी कोण तोंडावर सरळ बोलतं?" पटलं. बत्तीस वर्षांची वकीलबाई अर्धा फोन ऐकून गाव सोडते तेव्हा पुस्तक भिरकवावंसं वाटतं, पण नववीतल्या पोराला शब्द न फुटणं हीच तर गोष्ट असते. मिलिंद बोकिलांची 'शाळा' पुन्हा घेतली, २००४ची, आणीबाणीच्या काळातली. शिरोडकर नावाच्या मुलीशी धड बोलता यावं म्हणून जोशीचा केवढा जीव जातो! त्यातला कुठला फर्मा काढणार? (किशोरांसाठी काही आहे का विचारलं की दुकानदार अजून बालगोष्टींच्या फळीकडे बोट दाखवतो, त्यावर पुन्हा केव्हातरी चिडेन.)

खुणेच्या चिकट पट्ट्या या दमट हवेत सगळ्या गळून पडल्या. दीडशे रुपये गेले. त्यापेक्षा कदंबा बसचं तिकीट बरं, दुमडलं की बसतं. किंडलला बुरशी येत नाही, टक्केही आयते दाखवतं, पण त्यातला फर्मा हरवायचा कसा?

गणेश चवथीपर्यंत चार पुस्तकं करायची आहेत. ७३ ते ७७ टक्क्यांची पानं मीच गाळून वाचणार होते, पण हे लिहितानाच लक्षात आलं की गाळलंय हे ठाऊक असलं की मन तिथे चोर शोधत बसणार. म्हणून भाचीला बोलावलं. वाळवणाचे चिमटे लावून तिने पानं बंद केलीत आणि पुस्तकं टेबलावर ठेवून गेलीय. जाताना म्हणाली, "एका पुस्तकात मुद्दाम भलतीच सोळा पानं बांधलीत. कुठल्या ते विचारू नकोस."