केदारनाथची हेलिकॉप्टर फेरी: सगळा खेळ वजनाचा

मे महिन्यात आई आणि मावशीला घेऊन फाटा नावाच्या गावातल्या हेलिपॅडवरून केदारनाथ गाठलं. गौरीकुंडापासून पायी गेलं तर सोळा-सतरा किलोमीटरची चढण. हवेतून आठ-दहा मिनिटं. त्याआधी प्रत्येकाला काट्यावर उभं करतात. मावशी पुटपुटली, "मला बघायला आले होते तेव्हासुद्धा इतकं तपासलं नव्हतं!"

एवढी तपासणी का, ते यंत्र बघितलं की कळतं. आमच्या वाट्याला एएस-३५० बी-३ जातीचं हेलिकॉप्टर आलं. इंजिन एकच, पण टर्बाइन, म्हणजे गरम वायूच्या झोताने फिरणारं: वजन दीडशे किलोच्या आत, ताकद आठशे अश्वशक्तीच्या पुढे. वरचा पंखा तीन पात्यांचा. पाती जिथे जोडलेली असतात तिथे जड बिजागऱ्यांऐवजी फायबरग्लासचा चांदणीच्या आकाराचा लवचीक भाग. याच जातीचं हेलिकॉप्टर १४ मे २००५ रोजी फ्रेंच पायलट दिदिए देलसाल यांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकवलं होतं. मात्र तेव्हा आत ते एकटेच होते.

केदारनाथ ३,५८३ मीटरवर. तिथल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ७० टक्के. पात्यांना रेटायला हवा कमी, इंजिनाला ओढायलाही कमी. ऊन चढलं की ती आणखी विरळ होते. कागदावर कमाल उड्डाणवजन २,२५० किलो असलं, तरी इतक्या उंचीवर ते गृहीत धरता येत नाही. म्हणून ८० किलोच्या वर जादा पैसे, सामान माणशी दोन किलो. कोणी कुठे बसायचं तेही कर्मचारीच ठरवतात, कारण तोल साधायचा असतो. खिडकीसाठी हुज्जत घालू नका.

तिकीट फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर काढा; यात्रेची नोंदणी त्याआधी लागते. व्हॉट्सॲपवर तिकीट विकणाऱ्यांना सरळ ब्लॉक करा. वेळ शक्यतो सकाळची घ्या.

चढता-उतरताना पंखा चालूच असतो. वाकून, पुढच्या बाजूने, पायलटला दिसाल असं जा. शेपटीकडे अजिबात नाही. तिथला छोटा पंखा फिरताना दिसतसुद्धा नाही. टोपी काढून हातात घ्या, ओढणी-पदर आधीच खोचा.

इतक्या झटपट उंचावर आल्याने आईचं डोकं जड झालं. उतरल्यावर हळू चाला, पाणी प्या.

एकच इंजिन म्हणून मला धास्ती वाटली नाही, मंदाकिनी नदीच्या अरुंद दरीत भरून येणाऱ्या ढगांची वाटली. पायलट नाही म्हणाला तर वाद नको, परतीला एक दिवस हाताशी ठेवा. गरम कपडे अंगावरच घालून जा, बॅगेत मावणार नाहीत. काट्यावर मात्र तेही मोजले जातात.