पांढऱ्यात पांढरा किती?

आज सकाळी सातला दौलताबादजवळ ज्वारीच्या बांधावर इझल लावलं. किल्ला निम्मा धुक्यात. बर्फ आपल्याकडे कुठला! पण धुकं रंगवताना फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं 'द मॅगपाय' हे बर्फाचं चित्र (१८६८-६९) डोळ्यांसमोर हवंच. फ्रान्समधल्या एत्रेताच्या त्या बर्फात सावल्या निळ्या-जांभळ्या आहेत. १८६९ च्या सलॉननं (पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनानं) चित्र नाकारलं होतं. आता ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे.

धुक्यासाठी टायटॅनियम व्हाइट (पांढरा) सुपारीएवढा, अल्ट्रामरीन (निळा) हरभऱ्याच्या दाण्याएवढा, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) नुसता चाकूच्या टोकावर. सिएना वाढला की धुक्याचा चिखल झालाच म्हणून समजा. सावल्या आधी उरकाव्यात, ऊन चढलं की त्या पळतात.

तैलरंगाचा पहिला हात टर्पेंटाइननं पातळ, वरचे थर तेलकट. उलटं केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा हलत राहतो आणि भेगा पडतात. पांढऱ्यात जवसाचं तेल पुढे पिवळं पडतं; करडईचं कमी पिवळं पडतं, पण वाळायला वेळ घेतं. (करडईचं म्हणजे रंगांच्या दुकानातलं, फोडणीचं नव्हे!)

आणि ओला कॅनव्हास झाकून न्या. सध्या तुरीची मळणी चालूय, भुसा चिकटला की ओल्यात पुसू नका, वाळल्यावर झटका.