वाए रेबोचा चौथा मजला

"इथे रोपवे टाकला ना, तर सोनं आहे सोनं!" वाए रेबोच्या अंगणात आमच्या ग्रुपमधले एक काका म्हणाले आणि माझं कॉफीतलं लक्षच उडालं.

इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरचं हे गाव. गाडी येत नाही, डोंगर चढूनच यायचं. शंकूच्या आकाराची सात गवती घरं. आत पाच मजले: तळाला माणसं, तिसऱ्यावर बियाणं, चौथ्यावर दुष्काळासाठी राखलेलं धान्य, सगळ्यात वर पूर्वजांचा नैवेद्य. वाईट दिवसांसाठी राखून ठेवणाऱ्या त्या चौथ्या मजल्यापाशी माझं मन अडकलंय.

पाहुणा आला की आधी पूर्वजांना सांगतात. तोवर फोटोसुद्धा काढायचा नाही.

पडझड झालेली घरं पुन्हा उभी केली, म्हणून २०१२ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. कॉफीची पोती पाठीवर घेऊन डोंगर उतरणाऱ्या गावकऱ्यांना रस्ता किंवा रोपवे हवाही असेल, तो त्यांचा हक्कच आहे. पण त्यांना विचारलंय कुणी?